देहातील दुष्काळ आणि लोहचुंबक

सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस शेकड्यांच्या इंचांनी मोजतात. तोच पाऊस पूर्वेकडे साठ-सत्तर मैल चालत आला की वीस इंचांवर येतो, आणि काही वर्षी तेवढाही पदरात पडत नाही. पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड हे दोन तालुके ह्या पर्जन्यछायेत बसलेले आहेत. एकाला घोड नदीचा आधार, दुसऱ्याला भीमेचा. मुळा-मुठा भीमेला मिळते तीही ह्यांच्याच शिवेवर. जुन्या माणसांच्या तोंडी शिरूरचे नाव अजून ‘घोडनदी’ असेच आहे. दौंड म्हटले की मनमाडकडे फुटणारा लोहमार्ग आणि फलाटावरची वर्दळ आठवते. आज तिथे कालव्यांचे पाणी आहे, ऊस आहे, रांजणगावला कारखाने आहेत. पण कालव्याची वरची बाजू आणि खालची बाजू ह्यांत अजून दोन युगांचे अंतर आहे, हे त्या मुलखातून एस.टी.ने गेलेल्या कोणालाही खिडकीतून दिसते.

ह्या मुलखाचा इतिहास लिहायचा म्हटले की लेखणी आपोआप दुष्काळाकडे वळते. १८७५ साली सावकारांच्या वह्या जाळणारे जे दंगे दख्खनमध्ये झाले, त्यांची झळ शिरूर आणि भीमथडीला चांगलीच लागली. लगेच पुढच्या वर्षी, १८७६ साली, पाऊस फिरकला नाही. सरकारने दुष्काळी कामे काढली आणि मग एक प्रश्न उभा राहिला. कागदावर तो फार साधा दिसतो: खडी फोडणाऱ्या माणसाला जिवंत राहण्यासाठी किती धान्य लागते?

सर रिचर्ड टेंपल ह्यांनी उत्तर दिले, की दिवसाला एक रतल पुरे. वर आणाभर पैसे. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश ह्यांनी त्याला कडाडून विरोध केला. दीड रतल धान्य आणि त्याबरोबर डाळ हवी, असे त्यांचे म्हणणे. पुणे जिल्ह्यातील मजुरांनी आपला अभिप्राय निराळ्या भाषेत नोंदवला. १८७७ च्या आरंभी ते काम टाकून निघून गेले. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी उभी राहिली. ‘सार्वजनिक काका’ गणेश वासुदेव जोशी आणि त्यांचे सहकारी गावोगावची माहिती गोळा करून सरकारला अर्जांवर अर्ज धाडीत होते. इतके होऊनही टेंपलसाहेब त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले, हा इतिहासाचा नेहमीचा विनोद.

एक रतल म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम. ज्वारी-बाजरीचा हिशेब केला तर त्यातून सोळाशेच्या आसपास उष्मांक मिळतात. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

त्यानंतर १८९६-९७ आला, १८९९-१९०० आला. दौंड तालुक्यातील केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन उभे राहिले ते ह्याच काळात, आणि दुष्काळाने घरदार हिरावलेल्या मुलींनी ते भरले. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. तो पाहिलेली माणसे अजून आपल्यात आहेत, आणि सुकडीची चव त्यांच्या जिभेवरून गेलेली नाही. ह्या साऱ्याची दप्तरे आहेत. किती जनावरे मेली, किती तगाई वाटली, किती माणसे कामावर होती, ह्या सगळ्याच्या नोंदी सापडतात. नोंद सापडत नाही ती एका गोष्टीची. अर्धपोटी माणसाच्या शरीराने आतल्या आत काय तडजोड केली, आणि ती तडजोड त्याच्या मुलाबाळांकडे काही वारसा म्हणून गेली काय, ह्याबद्दल दप्तर मुके आहे. मामलेदाराला ते दिसणे शक्यच नव्हते. ते दिसू लागले अगदी अलीकडे. आणि ज्या साधनाने दिसू लागले, त्याचा जन्म दुष्काळाशी किंवा वैद्यकाशी कसलाही संबंध नसलेल्या माणसांच्या हातून झाला.

पदार्थाच्या अणुगर्भाला, निदान काही जातींच्या अणुगर्भांना, लोहचुंबकासारखा गुण असतो. हायड्रोजनचा गर्भ त्यांतला अग्रणी. त्याला बळकट चुंबकीय क्षेत्रात ठेवला, की तो कलत्या भोवऱ्यासारखा डुलू लागतो, आणि हे डुलणे एका ठरावीक गतीनेच होते. तेवढ्याच कंपनसंख्येची रेडिओलहर बाहेरून सोडली, तर तो ती शोषून घेतो आणि लहर थांबली की परत सूर देतो. तंबोऱ्याची एक तार छेडली की सुरात लावलेली दुसरी तार आपोआप बोलते, तोच हा प्रकार. म्हणून आपल्या शास्त्रीय परिभाषेने त्याला ‘चुंबकीय अनुनाद’ म्हटले, हे योग्यच झाले. रुग्णालयात जे दीड टेस्लाचे यंत्र असते त्यात हायड्रोजनचा सूर सेकंदाला सुमारे सहा कोटी चाळीस लाख कंपनांवर लागतो.

इसिडोर राबी ह्यांनी १९३८ साली रेणूंच्या झोतावर हा अनुनाद प्रथम पाहिला. पण तुमच्या-आमच्या परिचयाच्या, घन आणि द्रव पदार्थांत तो दिसला महायुद्ध संपता-संपता, आणि तोही दोन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी. हार्वर्डला एडवर्ड पर्सेल आणि त्यांच्या दोघा साथीदारांनी तो पाहिला. स्टॅनफर्डला फेलिक्स ब्लॉख आणि त्यांच्या मंडळींनी. दोघांचे निबंध १९४६ साली आले आणि १९५२ चे नोबेल पारितोषिक दोघांना वाटून मिळाले. ह्या कथेत एक बारकावा आहे. तो बहुतेक लेखक ओलांडून जातात. मला तो फार अर्थपूर्ण वाटतो. पर्सेल ह्यांनी यंत्रात भरले होते किलोभर पॅराफिन मेण. ब्लॉख ह्यांनी ठेवले होते पाणी. मेण म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्या, चरबीची सख्खी चुलत बहीण. म्हणजे ह्या विद्येने पहिले डोळे उघडले ते स्निग्धावर आणि जळावर. माणसाच्या देहात हायड्रोजनचा साठा मुख्यतः ह्या दोनच घरी असतो. पुढच्या सगळ्या वैद्यकीय उपयोगाची पायाभरणी, कोणाच्या मनातही नसताना, अशी झाली.

पण मेणाचा हायड्रोजन आणि पाण्याचा हायड्रोजन वेगळे ओळखायचे कसे? इथे आपल्या देशाचा संबंध येतो. १९५० साली स्टॅनफर्डलाच प्रॉक्टर आणि यू ह्यांना अमोनियम नायट्रेटमधील नायट्रोजनचे एकाऐवजी दोन सूर ऐकू आले. भौतिकशास्त्रज्ञ वैतागले. त्यांना अणुगर्भाचे शुद्ध मोजमाप हवे होते, आणि हा रसायनाचा कचरा मध्येच आला. पुढच्याच वर्षी, १९५१ साली, आर्नल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड ह्या तिघांनी साध्या मद्यार्काची परीक्षा केली. मद्यार्काच्या रेणूत सहा हायड्रोजन असतात. त्यांतले तीन एका जागी, दोन दुसऱ्या, आणि एक एकटा प्राणवायूला चिकटलेला. यंत्राने तीन शिखरे काढून दाखवली आणि त्यांची क्षेत्रफळे तीनास दोनास एक ह्या प्रमाणात भरली! शेजार बदलला की सूर किंचित बदलतो, आणि त्या फरकावरून कोण कुठे बसला आहे हे ओळखता येते, हे त्या दिवशी शंकेपलीकडे ठरले. ज्याला कचरा म्हटले होते तेच सोने निघाले.

ह्या तिघांतले डॉ. एस. एस. धर्मट्टी भारतात परतले. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी अणुगर्भीय चुंबकीय अनुनादाचा विभाग उभा केला. मुंबईतील ह्या विद्येची परंपरा तिथून सुरू होते. त्याच १९५१ साली बंगलोरला जी. सूर्यन ह्यांनी वाहत्या द्रवातील अनुनादाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आज रक्तवाहिन्यांतला प्रवाह चुंबकाने पाहतात त्याचे बीज त्यात आहे. आपल्याकडे ही नावे शाळेतल्या मुलाला सोडाच, प्राध्यापकाला विचारली तरी तो विचारात पडतो. असो.

चरबीतला हायड्रोजन आणि पाण्यातला हायड्रोजन ह्यांच्या सुरांतील फरक दहा लाखांत साडेतीन, एवढाच. दीड टेस्लाच्या यंत्रात तो सेकंदाला सव्वादोनशेच्या आत-बाहेर कंपने भरतो. एवढ्या बारीक फटीतून चयापचयाची पुढची सारी विद्या आत शिरली.

चयापचय ह्या शब्दात ‘चय’ आहे आणि ‘अपचय’ आहे. साठवणे आणि मोडणे. घरातल्या बाईचे सगळे गणित ह्या दोन क्रियांत येते, शरीराचेही तसेच. पण शरीराचा हिशेब पाहायचा तर पूर्वी मांसाचा तुकडा कापून काढावा लागे, आणि कापला की हिशेब थांबे. १९७३ साली मून आणि रिचर्ड्स ह्यांनी रक्तातील तांबड्या पेशी न फोडता त्यांतल्या फॉस्फरसचे सूर ऐकले आणि त्यावरून पेशीच्या आतली आम्लता सांगितली. पुढच्या वर्षी ऑक्सफर्डच्या मंडळींनी उंदराच्या पायाचा अख्खा स्नायू यंत्रात ठेवला आणि त्यातला शक्तीचा साठा कसा ओसरत जातो ते नुसते बसून पाहिले. १९८१ साली जॉर्ज रॅडा ह्यांच्या गटाने मॅकआर्डल रोगाच्या रुग्णाची परीक्षा प्रसिद्ध केली. ह्या रोगात स्नायूतील ग्लायकोजेन मोडता येत नाही. व्यायाम केला की तुमचा-आमचा स्नायू आम्लधर्मी होतो, त्या रुग्णाचा झाला नाही. निदान कातडीला सुई न लावता झाले. १९९० साली येल विद्यापीठात जेराल्ड शुलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेरा वजनाच्या कार्बनने खूण केलेली साखर शिरेतून दिली आणि ती स्नायूत ग्लायकोजेन होऊन साठताना पाहिली. मधुमेह्याच्या स्नायूत ही साठवण निरोगी माणसापेक्षा निम्म्याहूनही कमी वेगाने होत होती. मधुमेहात साखर रक्तात का तुंबते, ह्याचे एक कारण असे डोळ्यांसमोर आले: कोठाराचे दार जड झाले होते.

दरम्यान लॉटरबर ह्यांनी १९७३ साली चुंबकीय क्षेत्राला उतार देऊन सुरांवरून जागा ठरवण्याची युक्ती काढली आणि तिच्यातून चित्रे निघू लागली. मॅन्सफील्ड ह्यांनी ती विद्या वेगवान केली. दोघांना २००३ साली वैद्यकाचे नोबेल मिळाले. एम.आर.आय. हा शब्द आता खेडोपाडी पोचला आहे. गुडघा दुखला तरी लोक ‘एमाराय काढून आलो’ म्हणतात. त्याबद्दल अधिक सांगण्याचे कारण नाही.

आता पुन्हा आपल्या मुलखात येऊ. शिरूर तालुक्यात कोरेगाव भीमाजवळ वढू बुद्रुक हे गाव आहे. शंभूराजांच्या समाधीमुळे ते महाराष्ट्राला ठाऊक आहे; वैद्यकाच्या जगाला ते ठाऊक आहे निराळ्या कारणाने. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी ह्यांनी १९७० च्या दशकात तिथे ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. गावातलीच माणसे शिकवून आरोग्यसेवक करायची, बाळंतपणे सुखरूप करायची, घरोघर जाऊन नोंदी ठेवायच्या, असे ते काम होते. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे वढूच्या आसपासच्या बावीस गावांतील प्रत्येक जन्म, मृत्यू आणि स्थलांतर टिपणारी पाहणी उभी राहिली. संशोधनाला यंत्र लागते हे खरे; पण त्याआधी उंबऱ्यावर उभे राहून ‘ताई, घरात कोण कोण आहे?’ असे विचारणारी आणि उत्तर मिळवणारी बाई लागते. परदेशातल्या पुष्कळ प्रयोगशाळांपाशी पहिले आहे, दुसरे नाही.

के.ई.एम.मध्येच डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे काम करीत होते. त्यांच्यापुढे येणारे रुग्ण इंग्रजी ग्रंथांतल्या रुग्णांसारखे नव्हते. ग्रंथातला मधुमेही लठ्ठ आणि उतारवयाचा. पुण्यातला तरुण, आणि कित्येकदा हडकुळा. खाऊन-पिऊन सुस्तावलेल्यांचा म्हणून जो रोग समजला जातो, तो ह्या माणसांना का व्हावा?

त्याच सुमारास इंग्लंडात साउथॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर ह्यांना हर्टफर्डशायर परगण्यातली जुनी रजिस्टरे मिळाली होती. १९११ पासून तिथल्या सुइणींनी जन्मलेल्या प्रत्येक मुलाचे वजन नेमाने लिहून ठेवले होते. ती मुले म्हातारी झाल्यावर शोधून काढली, तेव्हा दिसले की जन्मतः हलकी असलेली माणसे हृदयविकाराने अधिक मेली. आणि १९९१ साली हेल्स आणि बार्कर ह्यांनी दाखवले की मधुमेहही त्यांना अधिक झाला. उपाशी गर्भ काटकसर शिकतो. मेंदू वाचवायचा म्हणून बाकीच्या अवयवांना कमी पुरवतो. आणि पुढे सुबत्ता आली की ती जुनी काटकसरच त्याच्या मुळावर येते. इतिहासकाराला हेवा वाटावा असा हा दस्तऐवज! एका सुइणीच्या हातची नोंद साठ वर्षांनी बोलू लागली.

आपल्याकडे तसे रजिस्टर नव्हते. तेव्हा ते नव्याने लिहायला घेतले. १९९३ साली पुण्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटरांवरच्या सहा खेड्यांत याज्ञिक, साउथॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलाइन फॉल, आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि त्यांचे सहकारी ह्यांनी मातृपोषणाचा अभ्यास सुरू केला. बायकांना दिवस जाण्याच्या आधीपासून मोजायचे आणि मूल झाले की त्यालाही मोजायचे, असा बेत. मोजायची साधने कोणती? तराजू, फीत आणि कातडीची घडी मोजायचा चिमटा.

त्या आयांचे सरासरी वजन बेचाळीस किलोच्या आसपास भरले. गरोदरपणी दिवसाला सुमारे सतराशे उष्मांक आणि पंचेचाळीस ग्रॅम प्रथिने त्यांच्या पोटात जात होती. वर सांगितलेला टेंपलसाहेबांचा आकडा आठवावा. सव्वाशे वर्षांचा फरक, मध्ये स्वातंत्र्य, हरितक्रांती आणि रेशनचे दुकान. आणि शेतात दिवसभर राबणाऱ्या, पोटुशी बाईचे ताट त्या एक रतलाच्या फार वर गेलेले नाही! खडी फोडणाऱ्या पुरुषाला निदान काम टाकून निघून जाता आले होते.

ह्या आयांची मुले सरासरी २.७ किलोंची भरली, साउथॅम्प्टनची ३.५ किलोंची. इतके अपेक्षितच होते. चकित केले ते चिमट्याने. सगळी मापे सारखी कमी असती, तर ‘लहान बाळ’ म्हणून विषय मिटला असता. पण पोटाचा घेर आणि दंड फार कमी, डोके त्यामानाने कमी कमी, आणि पाठीवरच्या कातडीची घडी मात्र जवळजवळ इंग्रज बाळाइतकी. यकृतासारखे अवयव लहान, स्नायू लहान. चरबी मात्र जपून ठेवलेली! २००३ साली हे प्रसिद्ध झाले. ‘थिन-फॅट’, म्हणजे कृश पण मेदयुक्त भारतीय बाळ, हा शब्दप्रयोग तेव्हापासून जगभर चालू झाला.

त्यानंतरच्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये एक गमतीचे छायाचित्र आले. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र यडकिन शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा हुबेहूब सारखा, २२.३. क्ष-किरणांच्या एका पद्धतीने दोघांची चरबी मोजली, तर यडकिन ह्यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक ह्यांच्या अंगात २१.२ टक्के. सडपातळ दिसणे आणि सडपातळ असणे ह्यांत किती अंतर असते, हे शेकडो कोष्टकांपेक्षा त्या एका चित्राने लोकांना अधिक पटवले. स्वतःच्या पोटावरची चरबी जगापुढे मांडणारा संशोधक विरळाच.

पण चिमट्याला मर्यादा आहे. तो कातडीखालची चरबी पकडतो. आतड्यांभोवतीची, यकृताजवळची त्याच्या हाती लागत नाही, आणि चयापचयाचा खरा बिघाड करते ती हीच. तान्ह्या बाळाला क्ष-किरण दाखवावेत असे कोणाला वाटेल? इथे चुंबकाचा उपयोग झाला. त्यात किरणोत्सर्ग नाही, सुई नाही. चरबीतला हायड्रोजन पाण्यातल्यापेक्षा लवकर शांत होतो, त्यामुळे विशिष्ट पद्धतीने काढलेल्या चित्रात चरबी पांढरीशुभ्र उमटते. एकेक काप घेत डोक्यापासून पायापर्यंत गेले आणि पांढरा भाग मोजला, की कुठल्या कप्प्यात किती मेद आहे ते मिळते. यंत्र मात्र धडाधड आवाज करते. बाळ पाजून, गुंडाळून, कानांना आवरण घालून झोपवायचे आणि ते हलणार नाही अशी आशा करायची. पाळण्यापाशी बसलेल्या कोणत्याही आजीला ह्या प्रयोगातली अडचण समजेल.

लंडनच्या डॉ. नीना मोदी आणि त्यांचे सहकारी, आणि पुण्याहून याज्ञिक, ह्यांनी मिळून पुण्याची आणि लंडनची नवजात बाळे अशा रीतीने मोजली. हा निबंध २००९ साली प्रसिद्ध झाला. बाळांची संख्या शंभराच्या आत होती. एवढ्यावरून फार मोठे महाल बांधू नयेत, हे खरे. परंतु निष्कर्ष स्वच्छ होता. पुण्याची बाळे वजनाने, लांबीने आणि डोक्याच्या घेराने लहान. तरी त्यांच्या अंगातली एकूण चरबी लंडनच्या बाळांइतकीच. आणि तिची वाटणी निराळी: पोटाच्या आतल्या आणि पोटावरच्या सगळ्या कप्प्यांत ती अधिक, हातापायांवरच्या कातडीखाली कमी. दोन आठवड्यांचे मूल! त्याने अजून जिलेबी पाहिलेली नाही, आळस केलेला नाही, मोटारीतून फिरलेले नाही. भारतीय माणसाच्या सुटलेल्या पोटाबद्दल आपण त्याच्या सवयींना जे बोल लावतो, त्यांतले निदान काही मागे घ्यावे लागतील, असा ह्या चित्रांचा अर्थ मी घेतो.

परदेशी गेलेल्यांची कथाही ह्याला जोडून आहे. १९९९ साली लंडनमध्ये दक्षिण आशियाई आणि युरोपीय पुरुषांच्या पोटऱ्यांतील चरबी अनुनादाने मोजली; आपल्या लोकांच्या स्नायूंत ती अधिक निघाली. गंमत अशी, की युरोपीयांत ह्या चरबीचा इन्सुलिनच्या मंदपणाशी सांधा जुळला, आपल्यांत नीटसा जुळला नाही. २००६ साली येलच्या गटाने सडपातळ, तरुण, निरोगी पुरुष तपासले; भारतीय वंशाच्या तरुणांच्या यकृतात चरबी इतरांच्या जवळजवळ दुप्पट सापडली. ह्या तरुणांना दुष्काळ माहीत नव्हता. त्यांच्या आजीला, पणजीला माहीत असेल.

‘असेल’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. दुष्काळांच्या मालिकेने आपला देह असा घडवला, हे म्हणायला सोपे आणि ऐकायला भव्य आहे. १९६२ साली जेम्स नील ह्यांनी तशी कल्पना मांडली होती, की उपासमारीत टिकणारी काटकसरी बीजेच निवडली गेली. पण दुष्काळ युरोपातही पडले, आयर्लंडातही पडले. मग आपलेच देह असे का, ह्याचे उत्तर त्या कल्पनेपाशी नाही. इतिहासकाराने इथे घाई करू नये. शिरूर-दौंडच्या दुष्काळांचा आणि पुण्याच्या बाळांच्या पोटातील चरबीचा कार्यकारणसंबंध चुंबकाने सिद्ध केलेला नाही. त्याने सिद्ध केली ती मधली कडी: फरक जन्माच्या आधीच पडलेला असतो. आणि जन्माच्या आधी म्हणजे आईच्या पोटात, आईच्या ताटात.

त्या ताटाकडे खेड्यांतल्या अभ्यासाने अधिक बारकाईने पाहिले, आणि मला तरी सर्वांत महत्त्वाचे निष्कर्ष तेच वाटतात. नुसते उष्मांक वाढले म्हणून बाळ वाढले, असे दिसले नाही. ज्या आयांच्या खाण्यात हिरवी पालेभाजी, फळे आणि दूध अधिक होते त्यांची बाळे मोठी झाली. दोनतृतीयांश आयांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी निघाले. हे जीवनसत्त्व झाडपाल्यात नसते. दुधात, अंड्यांत, मांसात असते. ह्या पट्ट्यात घरोघरी गाय-म्हैस आहे. पण पहाटे संकलन केंद्रावर किटल्यांची रांग लागते आणि दूध टँकरने शहराकडे जाते. त्या दुधाचा पैसा होतो, शाळेची फी होते, दवाखान्याचे बिल होते. गरोदर सुनेच्या वाट्याला चहापुरते राहते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात आणखी एक काळजीची गोष्ट आहे: ज्या आयांच्या रक्तात ब-१२ कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनचा मंदपणा सर्वांत जास्त होता. आपले सरकार गरोदर बायांना लोह-फोलेटच्या गोळ्या देते, त्याने रक्तक्षयाचे पुष्कळ निवारण झाले. पण जोडीदार नसलेले औषध एकटे किती द्यावे, हा प्रश्न ह्या खेड्यांनी उभा केला.

ती मुले मोठी झाली. अठराव्या वर्षी पुन्हा तपासली, तेव्हा जवळजवळ निम्मी अजून वजनाने कमीच होती. तरीही मुलांपैकी ३७ टक्क्यांच्या आणि मुलींपैकी १८ टक्क्यांच्या रक्तातली साखर नियमाबाहेर गेलेली होती. हडकुळे पोर म्हणजे मधुमेहापासून सुरक्षित पोर, हा समज निदान त्या सहा गावांपुरता संपला.

हे सारे शोधताना चुंबक पुण्यात राहिला आणि लंडनमध्ये राहिला. खेड्यात गेली ती फीतच. मला ह्यात उणेपणा दिसत नाही. फितीने संशय घेतला आणि चुंबकाने तो खरा ठरवला, अशी ही वाटणी आहे. चुंबकाशिवाय फितीवर कोणी विश्वास ठेवला नसता. आणि फितीशिवाय पुण्याच्या बाळांना चुंबकात झोपवण्याची बुद्धी कोणाला झाली नसती.

२०१२ साली त्याच गावांतल्या त्याच मुलामुलींना, आता ती वयात आलेली होती, ब-१२ च्या गोळ्या देण्याचा प्रयोग सुरू झाला. पोटात वाढणाऱ्या मुलासाठी गोळी द्यायची ती आई होण्याच्या कितीतरी आधी, आणि बापालाही, अशी त्यामागची कल्पना. मात्रा होती दिवसाला २ मायक्रोग्रॅम. ग्रॅमचा पाच लाखावा हिस्सा. पुढे त्यांतल्या मुलींची लग्ने झाली, काही सासरी दूरच्या गावांना गेल्या, आणि आरोग्यसेविका पत्ते शोधीत त्यांच्या मागोमाग गेल्या. जन्मलेल्या बाळांना पुन्हा तराजूत ठेवले, आणि ज्या फितीने एके काळी त्यांच्या आयांना मोजले होते, तशाच फितीने त्यांच्या पोटाचा घेर घेतला.